जीपमध्ये रेडिओ बसवला, पत्रा कापलेला नाही

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

काल फोनवर बाबांनी तीन वेळा एकच विचारलं, "पत्रा कापला का?" आणि आईने मागून एकदाच, "पुणे केंद्र लागतं का गं?" दोघांना नीट उत्तर द्यायला फोन पुरत नाही म्हणून लिहितेय. पत्रा कुठेही कापलेला नाही. आकाशवाणीचं पुणे केंद्र लागतं. बाकीचं सविस्तर सांगते, बाबा तुम्ही चष्मा लावून वाचा, कारण जीप वाईला आली की पहिल्या पाच मिनिटांत तुम्ही बॉनेट उघडणार आणि ही लाल वायर कुठून कुठे गेलीये विचारणार, ते आधीच माहीत असलेलं बरं.

हे डोक्यात खूप वर्षांपासून होतं. आई, तुला आठवतं ना, पाचगणीला मावशीकडे जाताना तू तो चामडी कव्हरचा ट्रान्झिस्टर मांडीवर घेऊन बसायचीस आणि पसरणी घाटात प्रत्येक वळणाला तो मांडीवर फिरवायचीस. मी मागच्या बाकावर आडवी बसून बघायचे, वळण आलं की आवाज बारीक, तू डबा फिरवला की परत मोठा. तेव्हा वाटायचं डोंगर आडवा येतो म्हणून असेल. आता कळलं की ट्रान्झिस्टरच्या आत मीडियम वेव्हसाठी जी काळी फेराइटची कांडी असते ती आडव्या बाजूनेच चांगलं पकडते, तिचं टोक स्टेशनकडे झालं की आवाज गेला. म्हणजे जीप वळली की तू कांडी सरळ करत होतीस, कोणी न शिकवता. आणि बाबा गाडीत टेप लावू द्यायचे नाहीत, "जीप चालवताना इंजिन ऐकायचं असतं" हे मी शंभर वेळा ऐकलंय. त्यात खोटं काहीच नव्हतं, फॅन बेल्ट सैल झालाय हे तुम्ही जोशी विहिरीपासून नुसत्या आवाजावरून सांगितलं होतं आणि पुढे तो खरंच सैल निघाला. त्यामुळे मला दोघांचंही हवं होतं. आईला रेडिओ आणि बाबांना इंजिन.

पहिल्यांदा मात्र मी घाई केली. कारच्या ॲक्सेसरीजच्या एका दुकानात नेली जीप, तिथला मुलगा लगेच कटर घेऊन डॅशबोर्डपाशी आला की मॅडम सेट बसायला १८० बाय ५० मिलिमीटरचं भोक पाडावं लागेल, सगळ्या गाड्यांना तसंच असतं. मी नाही म्हटलं. आपल्या महिंद्रा पाचशेचाळीसचा तो सपाट पत्र्याचा डॅशबोर्ड एकदा कापला की परत मिळणार नाही, नाना पेठेत शोधून मिळाला तरी तो आपला नसेल. मग त्याने सेट खाली पट्टीने लटकवला आणि अर्ध्या तासात वायरिंग करून दिलं. मी बघायला हवं होतं, नाही बघितलं. पुढच्या रविवारी वाईला येताना खंबाटकी चढत असताना जळका वास आला. गाडी कडेला घेतली, सीटखालचा तुमचा दहा नंबरचा पाना काढला आणि आधी बॅटरीची मायनस सोडवली, तुम्ही शिकवलंय तशीच, मायनस आधी. डॅशखाली हात घातला तर वायर चटका बसेल इतकी तापली होती आणि वरचं प्लास्टिक मऊ होऊन बोटाला चिकटलं. त्या दिवशी मी तुम्हाला "ट्रॅफिक होतं" म्हणून सांगितलं, ते खरं नव्हतं, उशीर त्यामुळे झाला होता.

घरी आल्यावर सगळं उसवलं. सेटच्या मागे पिवळी आणि लाल अशा दोन वायरी येतात, पिवळी कायमच्या सप्लायची, तिच्यावर घड्याळ आणि स्टेशनं लक्षात राहतात, आणि लाल चावीवरची, ती आली की सेट चालू होतो. त्या मुलाने दोन्ही एकत्र पिळून हेडलाइटच्या वायरला टेपने गुंडाळल्या होत्या, फ्यूज नाही काही नाही. म्हणजे रात्री हेडलाइट लावला की दोघांचा लोड एकाच जुन्या वायरवर. आणि स्पीकरची मायनस वाचवायला त्याने दोन्ही स्पीकरची एक-एक वायर सरळ बॉडीला अर्थ केली होती. जुन्या टेपमध्ये ते चालायचं, हल्लीच्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर आवाज असतो, त्यातली एक बॉडीला लावली की आतली आयसी चिप जायचीच भीती. आपला सेट सारखा "प्रोटेक्ट" दाखवून बंद पडत होता तो यामुळेच, स्वतःला वाचवत होता बिचारा.

मग तीन शनिवार घालवले. सामान तापकीर गल्लीतून आणलं, सगळ्या वायरी तांब्याच्या, वायरीच्या टोकाला दाबून बसवायचे लग, स्लीव्ह, फ्यूज होल्डर. बाबा हे तुमच्यासाठी: सप्लाय आता थेट बॅटरीवरून घेतलाय, चार स्क्वेअर एमएमची लाल वायर, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावरच १५ अँपिअरचा फ्यूज. फ्यूज सेटजवळ लावला तर मधली सगळी वायर उघडी राहते, कुठे घासून बॉडीला टेकली तर पेटेपर्यंत थांबणार कोण, म्हणून बॅटरीपाशी. इंजिनकडून आत वायर न्यायला नवीन भोक पाडलं नाही, स्पीडोमीटरची केबल जाते त्याच भोकातून नेली आणि भोकाच्या कडेचा जुना कडक झालेला रबरी ग्रोमेट बदलला. जोड एकही डागलेला नाही, सगळीकडे लग दाबून बसवलेत. डागलेला जोड टेबलावर छान दिसतो पण कथिल जिथे संपतं तिथे वायर ताठ होते आणि आपल्या जीपच्या थरथरीत सहा महिन्यांत नेमकी तिथेच तुटते.

एक गोष्ट अशी निघाली की चावीला ॲक्सेसरीची वेगळी पोझिशनच नाही आपल्या. लाल वायर चावीवर घेतली तर डिझेल इंजिनचे हीटर प्लग तापताना आणि सेल्फ मारताना बॅटरी दबते आणि सेट बंद होऊन परत चालू होतो, दरवेळी. म्हणून लाल वायरला वेगळा टॉगल स्विच दिलाय. तो स्टिअरिंगच्या उजव्या हाताला, डॅशच्या खालच्या ओठापाशी आहे, तुमचा हात सहज पडतो तिथे. गाडी चालू करायची, मग स्विच. आणि काही वेगळं ऐकू आलं की बोटाने खाली, सगळं गप्प, फक्त इंजिन. स्टेशन शोधायला नको, आवाजाचं बटण फिरवायला नको. हा स्विच मी तुमच्यासाठीच बसवलाय.

सेट एका पेटीत बसवला. फॅब्रिकेशनवाल्या काकांकडून सोळा गेजच्या पत्र्याची छोटी पेटी करून घेतली, डॅशच्या खाली आधीपासून जे दोन बोल्ट आहेत त्यांनाच अडकवली, पुढे बिजागरीचं झाकण. पाऊस आला, हूडच्या कडेने पाणी आलं तरी झाकण लावलं की झालं. रंग तोच करून घेतला. दोन बोल्ट सोडले की पेटी हातात येते आणि जीप होती तशी.

स्पीकरचं मला सगळ्यात जास्त आवडलं. बोटींसाठी बनवतात तसले घेतले साडेसहा इंची, प्लास्टिकचा कोन, रबराची कड, ओले झाले तरी कागदासारखे फुगत नाहीत. पण जीपला दरवाजे पत्र्याचे नाहीत, बसवायचे कशात? पहिला स्पीकर तसाच किचनच्या ओट्यावर ठेवून लावला तर इतका किरटा आवाज, फोनचा तरी बरा. मग ज्वारीच्या पिठाचा रिकामा डबा होता त्याच्या तोंडावर पालथा न घालता वर तोंड करून ठेवला, आणि आई, खरं सांगते, त्याच स्पीकरमधून एकदम तबला ऐकू आला, डग्गा सुद्धा. उचलला की गायब, ठेवला की हजर, मी दहा वेळा करून बघितलं. कोन पुढे सरकला की पुढची हवा दाबतो आणि मागे तेवढीच ओढतो, मध्ये काही नसेल तर दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात आणि खर्जाचा आवाज उरतच नाही. डब्याने मागची बाजू बंद केली. मग बारा एमएमच्या मरीन प्लायच्या दोन पेट्या करून घेतल्या आणि त्या मागच्या बाकांच्या पुढच्या टोकाला पट्ट्यांनी आवळल्यात, तोंड वर आणि थोडं पुढे, म्हणजे तुमच्या दोघांच्या खांद्यांमागून आवाज येतो. सेटच्या खोक्यावर चार गुणिले पन्नास वॉट लिहिलंय, त्यावर जाऊ नका, सलग मिळतात ते एका स्पीकरला जेमतेम वीस. पण साठच्या स्पीडला प्यूजोच्या डिझेल इंजिनच्या आवाजातसुद्धा बातम्यांचा शब्द न् शब्द कळतो, त्यापेक्षा जास्त आपल्याला लागतच नाही. सबवूफर मी मुद्दाम घेतला नाही. या जीपमध्ये तो मला पटत नाही.

सगळं जोडलं, लावलं, तर ॲक्सिलेटर दिला की स्पीकरमधून बारीक शिट्टी, गाडी रेस तशी शिट्टी चढी. ती बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरची. मी अर्थ पेटीच्या रंगावरच घेतला होता, रंगातून कसला अर्थ मिळतोय. काळी वायर पण थेट बॅटरीच्या मायनसला नेली आणि शिट्टी गेली.

आता आई तुझं. हल्ली बऱ्याच सेटमध्ये नुसतं एफएम असतं, विविध भारती मिळतं १०१ वर पण तुझं सकाळचं पुणे केंद्र मीडियम वेव्हवरचं, म्हणून एएम, म्हणजे मीडियम वेव्ह, असलेला सेट शोधून घेतला. घरी आणून लावला तर ७८०, ७९०, ८०० असंच पुढे जातंय, पुणे केंद्राच्या ७९२ वर थांबायलाच तयार नाही. ७९० वर येत होतं पण घुसमटल्यासारखं, निवेदिकेने उशीत तोंड घालून बोलावं तसं. दोन संध्याकाळी गेल्या त्यात, मला वाटलं एरियल खराब. मग मेनूत खोल कुठेतरी "एरिया" सापडलं, ते अमेरिकेवर होतं. तिकडे स्टेशनं दहा-दहा किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, आपल्याकडे नऊ-नऊच्या. नऊ गुणिले अठ्ठ्याऐंशी, ७९२. सेटिंग बदललं, बटण दाबलं आणि स्वच्छ आवाज आला, आपल्या स्वयंपाकघरात सकाळी यायचा तसा. मी पार्किंगमध्ये एकटीच बसून शेतीच्या कार्यक्रमात सोयाबीनवरच्या किडीची माहिती पूर्ण ऐकली, उठावंसं वाटेना.

एरियल काउलच्या, म्हणजे काचेखालच्या पत्र्याच्या, बोल्टला पट्टी लावून उभी केलीये, उभ्या काठीला सगळ्या दिशा सारख्या, त्यामुळे घाटात तुला काही फिरवावं लागणार नाही. फक्त मोबाइलचा चार्जर लावलेला असला की मीडियम वेव्हवर गुरगुर येते, तेवढा काढून ठेवायचा.

तुझ्या कॅसेटी अजून कपाटात वरच्या खणात आहेत ना, त्या कोणाला देऊ नकोस. जुन्या टू-इन-वनला हेडफोनची जागा आहे, तिथून एका वायरने माझ्या लॅपटॉपमध्ये भरून घेते आणि पेनड्राइव्हवर आणते, आजीच्या आवाजातल्या ओव्या ज्या कॅसेटवर आहेत ती आधी. ती रिवाइंड करू नकोस, टेप जुनी झालीये, मी हळू हाताने करेन.

शनिवारी सकाळी सहाला निघतेय, बोलावं लागलं तर आठनंतरच फोन करा, चालवताना मी उचलत नाही. बाबा, गुडघ्याला पट्टा बांधून तयार राहा, पाचगणीपर्यंत तुम्ही चालवायची की मी हे तिथे ठरवू. आई पुढे बसेल, मी मागच्या बाकावर. पंधराचे दोन फ्यूज जास्तीचे आणतेय, ते तुमच्या पान्यांच्या डब्यात ठेवा.

तुमची,
लेक