तपासणीआधीच बुजवलेला खड्डा : जमिनीखालील पाइपच्या सदोष दुरुस्तीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : अंगणाखालील पाण्याच्या पाइपची सदोष दुरुस्ती आणि वॉरंटीतील काम नाकारल्याबद्दल.

महोदय,

मीटरपासून घरातल्या मुख्य व्हॉल्व्हपर्यंत अंगणाखालून जाणारा आमचा पाण्याचा पाइप आपल्या कंपनीने दुरुस्त केला. बिल त्याच दिवशी पूर्ण भरले. पाइप अजूनही गळतो आहे. तक्रार केल्यावर आपल्या कार्यालयाने लेखी कळवले की, दुरुस्त केलेला जोड सुस्थितीत आहे, सध्याची गळती वेगळ्या ठिकाणची आहे आणि म्हणून ती वॉरंटीत बसत नाही. हे उत्तर पाठवण्याआधी आपल्याकडून कोणीही जागेवर आले नव्हते. अंगणात पाऊल न ठेवता जमिनीखालचा जोड सुस्थितीत असल्याचे आपल्याला कशावरून समजले, हा माझा पहिला प्रश्न आहे.

गळती आहे की नाही, याबद्दल वाद नसावा. घरातला मुख्य व्हॉल्व्ह बंद करून मीटरकडचा चालू ठेवला की मीटरवरचा लहान लाल त्रिकोण फिरतच राहतो. व्हॉल्व्ह बंद असल्यामुळे घरातले नळ, फ्लशची टाकी, गीझर या सगळ्यांचा संबंध तुटतो. उरतो तो फक्त जमिनीखालचा तुकडा, म्हणजे आपण काम केलेला. रात्रभर असे ठेवून आधीचा आणि नंतरचा आकडा घेतला. ताशी साधारण ३० लिटर पाणी जाते आहे, म्हणजे दिवसाला ७२० लिटर. आकड्यांचे फोटो सोबत जोडले आहेत.

आता "वेगळ्या ठिकाणची गळती" या मुद्द्याकडे येते. आपल्या उत्तराचा सगळा भार एका गोष्टीवर आहे : पाणी जमिनीवर वर आले ते आपण जोड केलेल्या जागी नाही, तर तिथून बरेच पुढे, पायरीजवळ. पण पाणी जिथे फुटते तिथेच वर येते, असे जमिनीखाली होत नाही. ते सैल मातीतून वाट काढत जाते आणि घट्ट जमीन आडवी आली की तिथे वर येते. आपल्या माणसांनी पायरीपर्यंत चर खणला होता आणि तो परत भरताना धुम्मस केले नव्हते. माती ढकलली, वरून पायाने दाबली आणि फरशी बसवली. जुनी, बसलेली जमीन पायरीपाशी सुरू होते. त्यामुळे पाण्याने वर यायला हीच जागा निवडली यात नवल नाही. आपण ज्याला वेगळ्या गळतीचा पुरावा म्हणता, तो खरे तर आपल्याच कच्च्या भरावाचा परिणाम आहे.

हे मी अंदाजाने लिहीत नाही. आपले नकाराचे पत्र आल्यावर एका दुसऱ्या प्लंबरकडून तो चर उघडून घेतला. खोदण्याचा दिवस आणि वेळ आपल्याला ईमेलने आधी कळवली होती आणि प्रतिनिधी पाठवण्याची विनंती केली होती. कोणी आले नाही. "दुसऱ्याने हात लावला म्हणून वॉरंटी संपली" असे नंतर ऐकायला लागू नये, यासाठी त्या प्लंबरला फक्त माती काढायला सांगितली होती. पाइपला किंवा जोडाला त्याने हात लावलेला नाही. फरशी उचलल्यापासून जोड उघडा पडेपर्यंतचा सलग व्हिडिओ आहे. त्यात पाणी आपण केलेल्या जोडातूनच येताना दिसते. पाइपला दुसरीकडे कुठेही भेग नाही.

जोड उघडा पडला तेव्हा जे दिसले, ते जरा सविस्तर लिहिते. पत्र लिहिण्याचे मुख्य कारण तेच आहे.

आमचा पाइप एचडीपीईचा, म्हणजे जास्त घनतेच्या पॉलिथिलीन प्लास्टिकचा आहे, काळा, निळ्या रेघांचा, ३२ मिमी व्यासाचा. त्यावर पीई १०० असे छापलेलेही आहे, माती पुसली की वाचता येते. आपल्या कारागिरांनी भेगाळलेला भाग कापून काढला, इथवर ठीक. पण मध्ये जो तुकडा घातला तो पांढऱ्या पीव्हीसीचा आहे. दोन्ही टोकांना पीव्हीसीची सॉकेट, आत सोल्युशन, वरून एपॉक्सी पुट्टीचा जाड लेप आणि त्यावर टेप.

पाइपच्या कामातल्या माणसाला हे सांगावे लागू नये, पण आपल्या उत्तरात जोडाचा उल्लेख "मानक पद्धतीने केलेला" असा आहे, म्हणून सांगते. पीव्हीसीचे सोल्युशन हे साधे चिकटवायचे द्रव्य नव्हे. ते पीव्हीसीचा पृष्ठभाग मऊ करते, दोन मऊ झालेले थर एकमेकांत मिसळतात आणि सुकल्यावर एकजीव होतात. पॉलिथिलीनवर हे द्रावण काम करत नाही. पृष्ठभाग विरघळतच नाही, त्यामुळे सोल्युशन वर नुसते वाळते आणि पापुद्र्यासारखे सुटते. एपॉक्सी पुट्टीचेही तेच, पॉलिथिलीनच्या गुळगुळीत पृष्ठभागावर ती धरत नाही. त्यातच चरात पाणी साचलेले असताना, टोके नीट कोरडी न करता हे सगळे केले. पीव्हीसीला पीव्हीसी जोडतानासुद्धा टोक काटकोनात कापणे, कडेचे कुसळ काढणे, कोरडे पुसणे, सोल्युशन लावून पूर्ण खोलीपर्यंत बसवणे, थोडा वेळ दाबून धरणे आणि पाणी सोडण्याआधी सुकू देणे हे सगळे आवश्यक असते. इथे सोल्युशन लावल्यावर काही मिनिटांतच व्हॉल्व्ह उघडला गेला.

एचडीपीई जोडण्याच्या ठरलेल्या पद्धती आहेत. उष्णतेने टोके वितळवून जोडणे, विजेच्या तारा असलेली फ्यूजन कपलिंग वापरणे, किंवा घरगुती आकाराच्या पाइपसाठी सर्वांत सोपी म्हणजे कॉम्प्रेशन कपलिंग. तिच्यात रबराची रिंग पाणी अडवते आणि दातेरी रिंग पाइप धरून ठेवते. सोल्युशन लागत नाही, सुकण्याची वाट पाहावी लागत नाही, पाइप थोडा ओला असला तरी बिघडत नाही. त्याच पाइपचा एक तुकडा आणि दोन कपलिंग, एवढ्यात काम झाले असते. आपल्या गाडीत हे सामान नव्हते असे मी मानायला तयार नाही, आणि नसेल तर ते आणून काम करायला हवे होते.

याहून मोठी चूक मात्र वेगळी आहे. सामान चुकले, हे अर्ध्या तासात उघड झाले असते, जर खड्डा उघडा ठेवला असता तर. व्हॉल्व्ह हळू उघडून, नळातून आतली हवा बाहेर जाऊ देऊन, पूर्ण दाब आल्यावर जोड कोरड्या फडक्याने पुसायचा आणि त्याभोवती कोरडा कागद गुंडाळून बघत बसायचे. ओल असेल तर कागद सांगतो. जोडीला घरातला व्हॉल्व्ह बंद करून मीटर पाहायचा. याला कोणतेही यंत्र लागत नाही. मी तेव्हाच म्हटले होते की थोडा वेळ थांबून बघू या. उत्तर मिळाले, "मॅडम, आता ही लाइन हलत नाही," आणि फावडे चालू झाले. त्या दोघांना पुढच्या कामासाठी सारखे फोन येत होते, हेही मी ऐकले. म्हणून माझा राग त्यांच्यावर फारसा नाही. तपासणीसाठी वेळच न ठेवता एकामागून एक कामे लावणारे कार्यालय हेच या तक्रारीतले खरे प्रतिवादी आहे.

बिलात "वाळू व भराव" अशी स्वतंत्र ओळ आहे. चरात वाळू नाही. पाइपखाली आणि भोवती निदान १०० मिमी वाळू किंवा चाळलेली मऊ माती असायला हवी, म्हणजे वरचा भार पाइपवर सारखा पसरतो. आमच्या पाइपखाली आपल्याच माणसांनी फोडलेल्या फरशीचा तुकडा सापडला, धारदार कड वर करून, पाइप तिच्यावर टेकलेला. प्लास्टिकच्या पाइपवर असा एकाच बिंदूवर भार राहिला की काही वर्षांनी नेमकी तिथेच भेग जाते. म्हणजे ही गळती नसती झाली तरी पुढची गळती आपण पेरून ठेवली होती. तेव्हा वॉरंटीची मुदत अर्थातच संपलेली असती.

"यंत्राने गळती शोध" या नावाखालीही आपण पैसे घेतले आहेत. जमिनीला कान लावणाऱ्या मायक्रोफोनवर प्लास्टिकच्या पाइपमधली गळती क्षीण ऐकू येते, कारण धातूचा पाइप आवाज दूरवर नेतो आणि प्लास्टिक तो शोषून घेते. अशा वेळी पाइपमध्ये ५ टक्के हायड्रोजन आणि ९५ टक्के नायट्रोजन यांचे मिश्रण सोडून ते जमिनीवर कुठे वर येते हे शोधण्याची पद्धत आहे. आपल्या माणसाने यंत्र फिरवले, मान हलवली आणि जिथे ओल दिसत होती तिथे खणायला सांगितले. गळती शेवटी सापडली, पण पायरीपर्यंतची फरशी फुकट फुटल्यावर. यावर मी जास्त लिहीत नाही.

आता सध्याच्या त्रासाबद्दल. फोनवर आपल्या ग्राहक सेवेने सल्ला दिला की, वापर नसेल तेव्हा मीटरकडचा व्हॉल्व्ह बंद ठेवा, "थोडी गळती आहे, पाणी बाहेर जाईल, आत काही येणार नाही." पाइपमध्ये दाब आहे तोवर हे खरे आहे. व्हॉल्व्ह बंद केला की दाब उतरतो, पाइपमधले पाणी फटीतून निघून जाते आणि मग खड्ड्यात साचलेले गढूळ पाणी त्याच फटीतून आत येऊ शकते. म्हणजे पाणी वाचवण्याचा आपला उपाय हाच पाणी खराब होण्याचा रस्ता आहे. घरात आजारी, वयस्कर माणूस आहे. म्हणून तूर्त पिण्याचे पाणी बाहेरून आणतो आहोत आणि व्हॉल्व्ह उघडल्यावर पहिले पाणी वाहून जाऊ देतो. हा सल्ला आपण इतर ग्राहकांनाही देत असाल तर तो आजच थांबवा.

शिवाय फरशीखालची माती धुपते आहे. खोदताना पायरीच्या कोपऱ्याखाली हात जाईल एवढी पोकळी दिसली. वाहते पाणी बारीक माती घेऊन जाते आणि वरची फरशी काही काळ नुसती अधांतरी टिकून राहते. तिथे कोणाचा पाय खचला तर तेही "वेगळ्या ठिकाणचे" ठरवू नये.

माझी मागणी अशी आहे. पीव्हीसीचा तुकडा, पुट्टी, टेप हे सगळे काढून त्याच व्यासाचा आणि तोच किंवा त्याहून जास्त दाब सहन करणारा एचडीपीई पाइप कॉम्प्रेशन किंवा फ्यूजन कपलिंगने जोडून द्यावा. खड्डा उघडा असतानाच, माझ्यासमोर, पूर्ण दाबाने तपासणी व्हावी आणि मीटर स्थिर असल्याची लेखी नोंद दोघांच्या सहीने व्हावी. त्याआधी एक मूठही माती टाकू नये. मग लाइन धुऊन निर्जंतुक करावी, पाइपभोवती खरोखरची वाळू घालावी, भराव थराथराने धुम्मस करून भरावा, पायरीखालची पोकळी भरावी आणि फरशी पूर्ववत बसवावी. या कामाचे वेगळे बिल मी देणार नाही. न घातलेल्या वाळूचे पैसे, दुसऱ्यांदा केलेल्या खोदकामाचा खर्च आणि गळतीमुळे वाढलेले पाणीपट्टीचे बिल आपण परत करावे. पावत्या सोबत आहेत.

नव्या जोडासाठी वॉरंटी कार्डही नवे हवे, कामाच्या तारखेपासूनच्या पूर्ण मुदतीचे. जुन्या कार्डावर "वॉरंटी फक्त जोडावर, पाइपवर नाही" असे लिहिले आहे. आमची गळती जोडातलीच आहे, त्यामुळे तुमच्याच अटीनुसारही नकाराला आधार उरत नाही.

हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत काम सुरू झाले नाही, तर ते दुसऱ्याकडून करून घेईन आणि संपूर्ण खर्चाच्या वसुलीसाठी ग्राहक तक्रार निवारणाच्या यंत्रणेकडे जाईन. तसे झाल्यास जोड कापताना पुन्हा व्हिडिओ घेतला जाईल. काम आपण केले तरी किंवा दुसऱ्याने केले तरी, कापून काढलेला तुकडा माझ्याकडे राहील, तो आपल्या माणसांनी सोबत नेऊ नये.

चर सध्या फळ्या टाकून झाकला आहे आणि जोड जसा सापडला तसाच आहे. येण्याच्या आदल्या दिवशी फोन करावा, म्हणजे व्हॉल्व्ह बंद करून खड्ड्यातले पाणी उपसून ठेवता येईल आणि आल्या आल्या आपल्याला जोड पाहता येईल.

कळावे,

आपली,
तक्रारदार ग्राहक