राज्यशस्त्राला मान मिळाला, रोजच्या सरावाला कधी?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला, याचा आनंद मर्दानी खेळाशी, म्हणजे लाठी, पट्टा अशा शस्त्रांच्या आपल्या पारंपरिक युद्धकलेशी, नाते असलेल्या प्रत्येक कोल्हापूरकराला झाला. मात्र या खेळाविषयी जे बोलले आणि लिहिले जाते त्यात इतिहासातील पराक्रम आणि मिरवणुकीतील थरार यांनाच जागा मिळते. ज्या सरावातून शरीर आणि मन एकमेकांना जोडले जातात, त्याची दखल क्वचितच घेतली जाते. त्याबद्दल चार शब्द लिहावेसे वाटले.

पट्ट्याची मूठ कोपरापर्यंत येणाऱ्या लोखंडी खोबळ्याच्या आत असते. एकदा हात आत गेला की मनगट जखडले जाते, त्यामुळे तलवारीप्रमाणे मनगटाच्या झटक्यावर भागत नाही. वार खांद्यातून, कमरेतून आणि त्याहीआधी पायांतून यावा लागतो. पाते लांब, पातळ आणि लवचीक असल्याने हात थांबला तरी ते लगेच थांबत नाही, आणि पाऊल चुकले तर फिरवणाऱ्याच्याच पोटरीवर येते. म्हणूनच जाणता वस्ताद नवशिक्याला पट्ट्याच्या आसपासही फिरकू देत नाही. आधी नुसता पवित्रा, म्हणजे पाय टाकण्याची आणि उभे राहण्याची पद्धत, मग लाठी, मग फरी-गदका आणि पुष्कळ नंतर पट्टा.

पवित्र्याचा सराव पाहणाऱ्याला कंटाळवाणा वाटेल. सुरुवातीला मुलाचे सगळे लक्ष आता कोणता पाय पुढे टाकायचा यातच गुंतलेले असते. श्वास रोखला जातो, खांदे ताठतात, नजर जमिनीवर खिळते. काही महिन्यांनी पाय आपसूक पडू लागतात, तेव्हा कुठे नजर मोकळी होते आणि समोरच्याचा खांदा हलताच वार कुठून येणार हे दिसू लागते. एकाग्रता डोळे मिटून बसल्याने येते की नाही, यावर मी अधिकारवाणीने बोलू शकत नाही. आखाड्यात ती तळपायापासून वर चढते, एवढे मात्र नक्की.

रागाचेही तसेच आहे. फरी म्हणजे लहान ढाल आणि गदका म्हणजे चामड्याने मढवलेली छडी घेऊन दोघे समोरासमोर येतात. एक फटका बसला की मुलगा चिडतो, चिडून पुढे धावतो, धावताना त्याची फरी खाली येते आणि दुसरा फटका त्याच जागी बसतो. हे दोन-तीनदा घडले की तो न सांगता एक पाऊल मागे घेतो, श्वास सोडतो आणि मगच पुढे सरकतो. घरी याच मुलाला ‘शांत हो’ म्हणून सांगणाऱ्या आईवडिलांनी एकदा तालमीत येऊन हे पाहावे.

तळहातावरच्या लिंबाचे दोन तुकडे करण्याच्या प्रात्यक्षिकात टाळ्या पट्टा चालवणाऱ्याला पडतात, पण खरी कसोटी हात पसरून बसलेल्याचीही असते. वर्षानुवर्षे एकत्र घाम गाळलेल्या जोडीनेच ते करावे, असा संकेत होता. अलीकडे शिवजयंतीच्या तोंडावर महिनाभराची शिबिरे भरतात आणि नवशिकी मुले धारदार पट्टे घेऊन मिरवणुकीत उतरतात. आमच्या परिसरात अशाच एका मिरवणुकीत लिंबू धरणाऱ्या मुलाच्या तळहाताला जखम झाली. त्याला दवाखान्यात नेले तरी ध्वनिक्षेपक सुरूच होता. आयोजकांना बोल लावून काय उपयोग? पैसा आणि प्रसिद्धी प्रात्यक्षिकालाच मिळत असेल, तर सरावाला वेळ कोण देणार?

राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेला राजाश्रय १९१२ मध्ये खुल्या झालेल्या खासबाग मैदानापुरता नव्हता. पैलवानांच्या खुराकाची काळजीही दरबार वाहत असे. आज मर्दानी खेळाला नेमकी हीच दृष्टी हवी आहे. खेलो इंडिया युवा क्रीडा स्पर्धांमध्ये पंजाबचा गटका, केरळचे कलरीपयट्टू, मणिपूरचे थांग-ता या युद्धकलांना आणि आपल्या मल्लखांबाला स्थान मिळाले, तेव्हा मर्दानी खेळ त्या यादीत नव्हता. उद्या तो स्पर्धेत आला तर गुण केवळ वेगाला आणि चमकदार फिरकीला न देता पवित्र्याला, नजरेला आणि हात वेळीच आवरण्याला द्यावेत, अन्यथा मिरवणुकीतलाच दिखाऊपणा तिथेही शिरेल.

समग्र शिक्षा योजनेतून शाळकरी मुलींसाठी तीन महिन्यांचे स्वसंरक्षण वर्ग घेतले जातात. तीन महिन्यांत पवित्रासुद्धा पक्का होत नाही. जिथे जवळ तालीम आहे तिथे हे वर्ग तिच्याशी जोडून वर्षभर चालवावेत, वस्तादांना नियमित मानधन द्यावे आणि प्रात्यक्षिकांसाठी बोथट शस्त्रे सक्तीची करावीत, अशी क्रीडा आणि शालेय शिक्षण विभागांना आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर