नाताळ २५ डिसेंबरला सुरू होतो

मा. संपादक, स. न. वि. वि.

डिसेंबर उजाडला की वर्तमानपत्रांत मॉलमधलं झाड, केकच्या दुकानापुढची रांग आणि लाल टोप्या घातलेली मुलं दिसू लागतात. २६ तारखेला विषय मिटतो, थर्टीफर्स्ट सुरू होतं. आम्हा वसईच्या कॅथलिकांकडे क्रम बरोबर उलटा आहे, म्हणून हे पत्र.

नाताळाआधीचे चार रविवार आगमनकाळाचे, म्हणजे येशूच्या येण्याची वाट पाहत तयारी करण्याचे. धर्मगुरूंच्या अंगावर जांभळा झगा, वेदीजवळ दर रविवारी एक मेणबत्ती वाढत जाते. एरवी रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेत, असणारं देवाच्या स्तुतीचं गौरवगीत या दिवसांत म्हणत नाहीत. ते थेट नाताळच्या रात्री घंटांच्या गजरात कानी पडतं, तेव्हा इतके दिवस काय राखून ठेवलं होतं ते कळतं. जुनी माणसं या काळात लग्नाची तारीखही धरत नसत. शेवटच्या आठवड्यात पापनिवेदनाला, म्हणजे धर्मगुरूंपुढे आपली पापं कबूल करायला, रांग लागते. केकच्या रांगेऐवजी तिचा फोटो छापा म्हणणार होतो, पण त्या रांगेत कुणालाच फोटो काढून घ्यायचा नसतो!

घरी आम्ही गोठा करतो. १२२३ साली संत फ्रान्सिस यांनी इटलीतल्या ग्रेचो गावी खरा बैल, खरं गाढव आणून जन्माचा देखावा उभा केला, तिथपासूनची ही रीत. आमच्याकडे पंधरा दिवस आधी वाट्यांत नाचणी पेरतात, तेच गोठ्याभोवतीचं गवत. गव्हाणी मात्र रिकामी. बाळ येशूची मूर्ती रात्रीच्या मिस्सेनंतरच ठेवायची. नात दरवर्षी घाई करते आणि दरवर्षी बोलणी खाते. रात्रीची म्हटलं खरं, पण लाउडस्पीकरच्या दहाच्या नियमामुळे मैदानातली मिस्सा आता बऱ्याच ठिकाणी लवकर उरकते.

आम्हीही काही धुतल्या तांदळासारखे नाही. चांदणीचे कंदील नोव्हेंबरातच लागतात, गोठ्यांच्या स्पर्धेत थर्माकोल आणि एलईडी इतके की बाळ शोधावं लागतं. सांताक्लॉजला घरात आम्हीच घेतलं. तो मूळचा आजच्या तुर्कस्तानातल्या मायराचा बिशप संत निकोलस, त्याचा सण ६ डिसेंबरला, हे आमच्याच मुलांना सांगावं लागतं.

नाताळकाळ २५ तारखेला उघडतो आणि बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या सणापुढे, जानेवारीत प्रभू येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. तोवर घरातला गोठा हलत नाही. आमच्या गोठ्यात तीन राजे २५ तारखेला दाराजवळच्या स्टुलावर असतात, रोज थोडे पुढे सरकवायचे. तेव्हा छायाचित्रकार पाठवायचाच असेल, तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पाठवा. तोवर राजे पोहोचलेले असतील आणि डब्यात करंज्याही उरलेल्या असतील.

आपला,
एक वाचक, वसई