भांडण थांबवणाऱ्यांचाही दगड हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

29 मे रोजी आपल्या अंकात आंतरराष्ट्रीय शांतिसैनिक दिनाची चार ओळींची चौकट होती. आमच्या घरी ती माझ्या हाती आली तेव्हा तिच्यावर कांद्याची साले पडली होती. साले झटकून वाचली आणि सोलापुरातही अशा माणसांचे स्मारक हवे, हे सांगायला हे पत्र लिहायला बसलो.

परक्यांची भांडणे थांबवायला संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आपले दोन लाखांहून अधिक जवान आजवर गेले, दीडशेहून अधिक परतले नाहीत. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया 5 डिसेंबर 1961 रोजी काँगोत पडले, त्यांना परमवीरचक्र मिळाले. आपल्या कोल्हापूरकडचे एस. पी. पी. थोरात तर किती जणांना माहीत असतील? 1953 मध्ये कोरियात मायदेशी जायला नकार देणारे बावीस हजारांवर युद्धकैदी सांभाळायला आपली फौज गेली, तिचे प्रमुख हे. कैद्यांनी आपल्या एका मेजरला कोंडून ठेवले, तेव्हा थोरात स्वतः कुंपणाच्या आत गेले आणि त्याला सोडवून आणले. असल्या पराक्रमाचा पुतळा करायचा तरी कसा? ना तलवार, ना घोडा.

कॅनडाने ओटावात 1992 मध्येच शांतिसैनिकांचे स्मारक उभारले. संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात अशा हुतात्म्यांसाठी भिंत बांधावी, हा ठराव 2023 मध्ये मांडला तो भारतानेच. न्यूयॉर्कला भिंत चालते, मग सोलापूरला का नको?

आपला हक्क तर मोठा आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथले. 1938 मध्ये चीनला गेले, जखमींवर शस्त्रक्रिया करता करता 1942 मध्ये तिथेच गेले, वय अवघे बत्तीस. ज्या इस्पितळाचे ते प्रमुख होते त्याच्या नावातच 'शांती' आहे. भैय्या चौकातल्या त्यांच्या घराचे स्मारक झाले आहे. त्याच्याच आसपास ही भिंत व्हावी, म्हणजे नव्या जागेचा घोळ नको.

मात्र तिच्यावर फक्त गणवेशातली माणसे नकोत. लहानपणी आम्ही पूर्व भागात राहायचो. एकदा दंगलीची हूल उठली. बोळाच्या या तोंडाला एक जमाव, त्या तोंडाला दुसरा. शेजारची पद्मशाली आजी मांडीवर सूप घेऊन बरोबर मधोमध येऊन बसली. पान कातरायचे, तंबाखू भरायची, विडी वळायची, दोरा गुंडाळायचा. मान वर नाही. पोरे जवळ आली तशी म्हणाली, "मारायचं तर मारा रे, पण सूप लवंडू नका. हजार विड्या पुऱ्या करून कारखान्यात द्यायच्यात." कुणीतरी हसले. हसल्यावर दगड मारायला हात उठत नाही, हे मी त्या दिवशी पाहिले. आजीचे नाव कुठल्याच कागदावर नाही. अशांसाठी भिंतीचा खालचा एक पट्टा कोरा ठेवावा.

मजकूर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चारही भाषांत कोरावा. आपल्या गावात एका भाषेत शांतता होत नाही. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फासावर गेलेले आपले चार हुतात्मे तरी कुठे एका जातीधर्माचे होते? पुतळा मात्र नकोच. पुतळा आला की त्याची उंची, त्याचे तोंड कुणीकडे आणि पहिला हार कुणाचा, यावरूनच शांतता भंगायची!

महापालिकेला एकच विनंती. भिंतीशी बसायला ओटा करा, पण काळ्या दगडाचा नको, मे महिन्यात त्यावर पापड भाजतील. आणि दोन कडुलिंबाची झाडे आत्ताच लावून ठेवा. भिंतीचे टेंडर निघेपर्यंत सावली तरी तयार होईल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सोलापूर