तीन मापांबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार. तुमचा सोनोग्राफी रिपोर्ट ‘प्रोस्टेट वाढलेली आहे’ एवढ्यावर कधीच संपत नाही. या ग्रंथीची लांबी, रुंदी, जाडी ही तिन्ही मापं, कोणत्या प्रोबने (तपासताना टेकवायच्या उपकरणाने) घेतली, तेव्हा मूत्राशयात किती लघवी होती, सगळं लिहिलेलं असतं. आम्हा मूत्ररोग विभागातल्या सर्वांकडून त्यासाठी मनापासून आभार.

या कामात चूक किती सहज होते, हे आम्ही जाणतो. ५.०, ४.४ आणि ४.० सेंटिमीटर यांचा गुणाकार करून ०.५२ने गुणलं की सुमारे ४६ सीसी (घनसेंटिमीटर) आकारमान येतं. तीच तिन्ही मापं दहा-दहा टक्क्यांनी जास्त घेतली गेली तर आकडा थेट ६१वर जातो. कॅलिपर, म्हणजे पडद्यावरची मापाची खूण, जरा बाहेर पडला, एवढंच कारण! पोटावरून तपासताना लांबी सगळ्यात जास्त फसवते. ग्रंथीचं खालचं टोक जघनास्थीच्या (ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाच्या) सावलीत दडतं आणि माप आखूड येतं. तुम्ही प्रोब हाडाच्या अगदी वर टेकवून पायांच्या दिशेने कलवता, टोक स्पष्ट दिसेपर्यंत चित्र गोठवत नाही. लांबी मधल्या उभ्या छेदात, रुंदी आडव्या छेदात जिथे सर्वांत जास्त तिथे. हा नेम तुम्ही कधी मोडला नाहीत.

मूत्राशयात शिरलेला ग्रंथीचा मधला भाग तुम्ही वेगळा मोजता, याचा उपयोग तर शब्दांत सांगणं कठीण. तो १० मिलिमीटरहून पुढे आलेला असेल तर लघवीला अडथळा असण्याची शक्यता बरीच वाढते, मग एकूण आकार लहान का असेना. मूत्राशय तट्ट फुगलेलं असलं की तो उंचवटा दबून कमी दिसतो. म्हणून १०० ते २०० सीसी लघवी असतानाच तुम्ही तो मोजता. मूत्राशय अती भरलेलं असलं तर लघवी करून आल्यावर आत उरलेली लघवीही खोटी जास्त दिसते. अशा वेळी रुग्णाला पुन्हा लघवी करून यायला सांगून तुम्ही दुसऱ्यांदा मोजता, बाहेर कितीही रांग असली तरी.

बोटाने तपासून आम्हाला फक्त मागची बाजू कळते, मोठी ग्रंथी तर हमखास लहान वाटते. गुदद्वारातून केलेली सोनोग्राफी किंवा एमआरआय जास्त नेमकी, पण प्रत्येकाला तिची गरज नसते. पीएसए (कर्करोगाच्या शंकेसाठी केली जाणारी प्रोस्टेटची रक्ततपासणी) भागिले आकारमान हे गुणोत्तर ०.१५च्या आसपास घुटमळत असेल, किंवा ग्रंथी ८० सीसीच्या जवळ असून शस्त्रक्रियेचा प्रकार ठरवायचा असेल, तेव्हा तुम्ही स्वतःहून ‘पुन्हा मोजावे’ असं लिहिता. ग्रंथी आकसवणारी गोळी सुरू असलेल्यांची दुसरी तपासणी तुम्ही आधीच्याच पद्धतीने करता, म्हणून सहा महिन्यांनी दिसलेली घट औषधाची आहे की मोजणाऱ्या हाताची, हा प्रश्न आमच्यापुढे येत नाही.

एकच विनंती: मधल्या छेदाचं कॅलिपरसह चित्र रिपोर्टला जोडत राहा. आम्ही आधी तेच उघडतो.

आपले,
मूत्ररोग विभागातील सहकारी