भूल देण्याआधी पिल्लाचे हृदय तपासावे

मा. संपादक,

जळगाव, धुळे, भुसावळ येथे घरोघरी कुत्री पाळली जात असून सहा-सात महिन्यांची पिल्ले नसबंदीसाठी दवाखान्यात आणली जातात. डाव्या कोपरामागे स्टेथोस्कोप टेकवल्यावर ठोक्यांमध्ये ‘फुस्स’ असा आवाज आला, की कुठे त्याकडे काणाडोळा होतो, तर कुठे शस्त्रक्रियाच कायमची रद्द होते. दोन्ही टोकेच!

लहान पिल्लांत असा आवाज पुष्कळदा निरुपद्रवी असतो. तो तीव्रतेच्या सहा श्रेणींपैकी पहिल्या-दुसऱ्या श्रेणीचा, मंद असतो आणि साधारण सहा महिन्यांच्या आत नाहीसा होतो. मात्र त्यानंतरही टिकलेला, तिसऱ्या किंवा वरच्या श्रेणीचा, अथवा यंत्रासारखा अखंड घरघरणारा आवाज असेल, तर जन्मानंतर मिटायला हवी ती रक्तवाहिनी उघडी राहिली असण्याची किंवा झडपेजवळ अरुंदपणा असण्याची शक्यता धरावीच लागते. अशा पिल्लाला भुलेत रक्तदाब घसरणे किंवा सलाईन वेगाने जाणे झेपेलच असे नाही. एक्स-रे व ईसीजी उपयोगी असले, तरी नेमका दोष दाखवते ती डॉप्लरसह (रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या तंत्रासह) इको तपासणी, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. उघडी वाहिनी वेळीच सापडली तर बहुधा बंद करता येते, हा लाभ नसबंदीपेक्षाही मोठा.

नसबंदी ही तातडीची बाब नसल्याने तपासणीपर्यंत ती पुढे ढकलण्यास पालकांनी कुरकुर करू नये. खान्देशातील जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयांत, गायीम्हशींच्या कामाचा व्याप मान्य करूनही, पशुसंवर्धन विभागाने ठरावीक दिवशी इकोची सोय करावी, ही विनंती.

– एक श्वानपालक, भुसावळ