आईचा खोकला आणि इकडचं दगडफूल

सुध्या,

शिव्या नंतर घाल, आधी वाच. तब्येत बरी, गुडघा तसाच.

आईचं प्रकरण तुलाच सांगतोय, दादाला सांगितलं की तो डायरेक्ट तिच्यावर ओरडतो. झालं असं, इथे आइसलँडला, अकुरेरी गावात माझा घसा बसला तेव्हा घरमालकीणबाईंनी आइसलँड मॉस दुधात उकळून दिलं. नावात मॉस, पण आहे लायकेन, बुरशी आणि शेवाळ एकाच संसारात. (व्हायवात तू मॉस म्हणून ठासून सांगितलंस आणि वर आठवडाभर माझ्याशीच अबोला!) वाळलं की चुरा होतो म्हणून लोक ओल्या हवेत डोंगरावर जाऊन गोळा करतात. दुसऱ्याच्या जमिनीवरून काढायला 1281 च्या कायद्यातच बंदी होती म्हणे, म्हणजे आपल्यासारखे कैरीचोर तेव्हाही होतेच. उकळलेलं पहिलं पाणी फेकायचं, नाहीतर कडूजहर. मग ते बुळबुळीत होतं, त्याचा थर घशावर बसतो आणि कोरडी ढास थांबते. बास, एवढंच काम.

हे मी व्हिडिओ कॉलवर बोललो आणि आईने फक्त ‘औषध’ ऐकलं. दिवाळीपासून खोकतेय, संध्याकाळी अंग कोमट, जिना चढली की धाप, डॉक्टर एक्स-रे आणि थुंकी तपासायला सांगतायत आणि ही म्हणते तुझं ते दगडफूल पाठव, मग बघू. आपलं मसाल्यातलं दगडफूलही लायकेनच हे तिला कळल्यापासून तेही काढ्यात टाकतेय! लायकेन हवेतलं शिसंबिसं शोषून घेतं म्हटलं, तर म्हणे आइसलँडला कुठली आलीय खराब हवा. वकील व्हायला हवी होती.

पण सुध्या, पूर्वी युरोपात क्षयाच्या पेशंटलाही हेच पाजायचे, दुसरं काही नव्हतं म्हणून. ढास थांबेल आणि आत काय चाललंय ते कळणारच नाही, याचीच भीती वाटते. अण्णांच्या वेळचं तू पाहिलंयस. मी पाठवणार नाहीये, पण नाही म्हटलं की रुसून तपासणी अजून लांबवेल.

तू रविवारी जा. सरळ विषय काढू नकोस, थालीपीठ खा, मग गाडीत घाल आणि एक्स-रेला ने. तुझ्यापुढे ती नाही म्हणत नाही, तुझं हे लाडकेपण मला शाळेपासून खुपतं, आता वापर.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार, चिनूला दहावीसाठी बेस्ट लक. रिपोर्टचा फोटो आधी मला टाक, दादाला नको.

नंद्या